दोन प्रयोगशाळा, ४४ संगणक, एक लॉगिन : प्रकल्प नोंदी

सोमवार, ९ जून २०२५

आमच्या तंत्रनिकेतनात संगणक विभागाच्या दोन प्रयोगशाळा मिळून ४४ संगणक आहेत. सगळ्यांवर उबंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे आणि सगळ्यांवर ‘स्टुडंट’ नावाचे एकच खाते आहे, ज्याचा पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची मिळून १२० मुले हेच खाते वापरतात. मागच्या सत्रात, सबमिशनच्या आदल्या दिवशी, तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी १७ नंबरच्या संगणकाजवळ माझी वाट पाहत उभी होती. तिच्या मायक्रोप्रोजेक्टचे फोल्डर तिथून गेले होते. डिस्क भरली म्हणून दुसऱ्या बॅचमधल्या कोणीतरी ते पुसले असणार, पण कोणी आणि केव्हा, हे शोधायला काहीच वाव नव्हता, कारण संगणकाच्या लेखी ती १२० मुले म्हणजे एकच माणूस होता. “मॅडम, परत आणता येईल का?” या तिच्या प्रश्नाला मला नाही म्हणावे लागले. या सुट्टीत हे काम हाती घेण्याचे कारण तेवढेच आहे.

विद्यार्थ्याने दोन्ही प्रयोगशाळांतील कुठल्याही संगणकासमोर बसावे, स्वतःच्या नावाने आत जावे आणि स्वतःच्या फायली समोर दिसाव्यात, एवढी अपेक्षा आहे. विभागप्रमुख मॅडमनी परवानगी दिली आहे. नवीन खरेदीला मात्र दोन डिस्कांपुरतेच पैसे आहेत. १६ जीबी मेमरीचा एक जुना पण धडधाकट सर्व्हर विभागात पडून होता, तो घेतला. वर्ग १४ जुलैला सुरू होतात.

बुधवार, ११ जून

कुठलेही सॉफ्टवेअर बसवण्याआधी नावे आणि क्रमांक ठरवणे आवश्यक आहे, असे माझे मत पहिल्यापासून होते, आणि आजचा संपूर्ण दिवस त्यातच गेला.

खात्याला विद्यार्थ्याचे नाव द्यावे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु हजेरीपट उघडून पाहिला की पाटील, जाधव आणि शिंदे यांची रांगच लागते, आणि त्यातल्या काहींची पहिली नावेही सारखी असतात. एनरोलमेंट नंबर हे सर्वांत निर्विवाद नाव ठरले असते, पण नुसत्या आकड्यांचे खाते लिनक्सवर घातक ठरते : फायलीची मालकी बदलणाऱ्या आज्ञेला आकडा दिला, तर ते नाव आहे की वापरकर्त्याचा अंतर्गत क्रमांक, यात गोंधळ होऊ शकतो. म्हणून शाखेचे एक अक्षर, प्रवेशाचे वर्ष आणि हजेरी क्रमांक अशी रचना ठरवली. उदाहरणार्थ ‘सी२४०१७’, अर्थात रोमन लिपीत.

दुसरा प्रश्न यूआयडीचा, म्हणजे वापरकर्त्याच्या अंतर्गत क्रमांकाचा. लिनक्सच्या डिस्कवर फायलीच्या मालकाचे नाव लिहिलेले नसतेच, फक्त हा क्रमांक असतो. नाव आपल्याला दाखवण्यापुरते शोधून आणले जाते. आज प्रत्येक संगणकावर ‘स्टुडंट’चा क्रमांक १००० आहे, कारण उबंटूत पहिल्या माणसाला तोच मिळतो. नव्या खात्यांचे क्रमांक स्थानिक खात्यांच्या पट्ट्यापासून पुष्कळ दूर हवेत, नाहीतर एखाद्या संगणकावरील स्थानिक खाते चुकून कोणातरी विद्यार्थ्याच्या फायलींचे मालक होऊन बसेल. आम्ही ६,००,००० पासून सुरुवात केली. एकदा दिलेला क्रमांक विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेल्यावरही दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला आहे.

शनिवार, १४ जून

सर्व्हरवर अल्मालिनक्स ९ ही लिनक्स प्रणाली आणि त्यावर सगळी खाती एका जागी सांभाळणारे फ्रीआयपीए बसवले. खात्यांची निर्देशिका ठेवणारे ओपनएलडीएपी आणि ओळख तपासणारे कर्बेरॉस वेगवेगळे बसवून हाताने जोडणे शक्य होते, आणि ते शिकण्यासारखेही आहे. पण माझ्यानंतर जो कोणी ही जबाबदारी घेईल त्याला वेब पडद्यावरून खाते उघडता आले पाहिजे, या एका विचाराने फ्रीआयपीए निवडले. त्यात खात्यांची निर्देशिका, कर्बेरॉस, प्रमाणपत्रे आणि हवे असल्यास डीएनएस, म्हणजे संगणकाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा, असे सगळे एकत्र येते.

डोमेनच्या नावावर मात्र एक तास घालवला आणि तो योग्यच होता. सहायकाने ‘लॅब डॉट लोकल’ सुचवले होते. ‘लोकल’ हा शेवट मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे सर्व्हरशिवाय संगणकांनी एकमेकांना नावे विचारण्यासाठी, राखून ठेवलेला आहे. उबंटूवरील अवाही सेवा त्या शेवटाची नावे सर्व्हरला न विचारता आजूबाजूच्या संगणकांना विचारत बसते, आणि मग लॉगिन कधी होते, कधी होत नाही. संस्थेच्या स्वतःच्या डोमेनखाली एक उपडोमेन घेतले. कर्बेरॉसचे क्षेत्र त्याच नावाचे, रोमन मोठ्या अक्षरांत.

सोमवार, १६ जून

पहिला संगणक जोडला गेला. जोडणीची आज्ञा डोमेन विचारते, प्रशासकाचा पासवर्ड घेते, संगणकाची सर्व्हरवर नोंद करते आणि त्या संगणकाची स्वतःची गुप्त किल्ली एका फायलीत आणून ठेवते. संगणकालाही स्वतःची ओळख असते, ही गोष्ट सहायकाला नवीन होती. ती पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

सहायकाला समजावताना मी फळ्यावर दोन प्रश्न लिहिले : ‘सी२४०१७ नावाचे कोणी आहे का?’ आणि ‘समोर बसलेला खरोखर तोच आहे का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेमसर्व्हिस स्विचच्या, म्हणजे नावे कुठे शोधायची हे ठरवणाऱ्या, यादीतून मिळते. त्यात आधी संगणकावरच्या फायली आणि नंतर एसएसएसडी, म्हणजे सर्व्हरकडून खात्यांची माहिती आणणारी सेवा, असा क्रम असतो. दुसऱ्याचे उत्तर पॅम ही लिनक्सची ओळख तपासणारी यंत्रणा देते. लॉगिन होत नाही अशी तक्रार आली की सर्वप्रथम पाहायचे ते हे, की यातल्या कुठल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘आयडी’ ही आज्ञा देऊन खात्याचा क्रमांक दिसला, तर पहिला प्रश्न सुटला आहे आणि दोष पासवर्ड, घड्याळ किंवा खाते बंद असण्यात आहे. क्रमांकच दिसला नाही, तर पासवर्डकडे वळण्यात अर्थ नाही. आज दुपारी या एका आज्ञेने आमचा बराच वेळ वाचवला. दोष डीएनएसचा निघाला : त्या संगणकाला राउटर स्वतःचाच पत्ता नामसेवक म्हणून देत होता, त्यामुळे आमचा सर्व्हर त्याला सापडतच नव्हता.

संध्याकाळी साडेपाचला तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाला बोलावून त्याच्या खात्याने लॉगिन करायला सांगितले. निर्देशिकेत पूर्ण नाव देवनागरीत भरले होते. निर्देशिकेशी बोलण्याची पद्धत म्हणजे एलडीएपी; तिच्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीही मावणाऱ्या संकेतात, असतो, म्हणून ते चालले पाहिजे असा अंदाज होता. पडद्यावर त्याचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव मराठीत उमटले, तसा तो खुर्चीवरून थोडा पुढे सरकला आणि ते त्याने एकदा मोठ्याने वाचले.

गुरुवार, १९ जून

आजची नोंद सविस्तर लिहिते आहे, कारण आज एक चूक वेळीच सापडली.

होम फोल्डर, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतःच्या फायलींचे फोल्डर, सर्व्हरवर ठेवून ते एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणाऱ्या पद्धतीने, संगणकांवर जोडायचे, हे सुरुवातीपासून ठरले होते. एनएफएसची सर्वांत सोपी पद्धत वापरली, ज्यात संगणक ‘मी अमुक क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या वतीने फाइल मागतो आहे’ असे सांगतो आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. सगळे सुरळीत चालू लागले, आणि मला तिथेच थांबण्याचा मोह झाला. घरी जाण्यापूर्वी मात्र मी माझा स्वतःचा लॅपटॉप प्रयोगशाळेच्या केबलला लावला, त्याला प्रयोगशाळेच्या पट्ट्यातला पत्ता दिला, त्यावर एक स्थानिक खाते उघडून त्याला सी२४०१७ चा क्रमांक दिला आणि सर्व्हरवरचे फोल्डर जोडले. कुठलाही पासवर्ड विचारला गेला नाही. त्या विद्यार्थ्याच्या सगळ्या फायली माझ्यासमोर होत्या. मला त्या वाचता येत होत्या, बदलता येत होत्या आणि पुसताही येत होत्या.

लॅपटॉपच्या रूट वापरकर्त्याला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, सर्व्हर अडवतो हे खरे, कारण तशी सोय एनएफएसमध्ये मूळचीच असते. पण रूटने दुसऱ्या कोणाचा क्रमांक धारण केला, तर सर्व्हरला काहीच कळत नाही. फळ्यावरच्या पासवर्डपेक्षा ही व्यवस्था अधिक धोक्याची ठरली असती, कारण आता मुले विश्वासाने आपले काम तिथे ठेवणार होती. तिसऱ्या वर्षाच्या हुशार मुलांना हे शोधून काढायला एक आठवडाही लागला नसता. आजपर्यंत जोडलेले सर्व फोल्डर रात्री काढून टाकले.

शुक्रवार, २० जून

उपाय माहीत होता : एनएफएसलाही कर्बेरॉसची सक्ती करायची. मग फाइल मागणाऱ्याला आपला क्रमांक नुसता सांगून भागत नाही; त्याच्याजवळ त्या वापरकर्त्याने पासवर्ड देऊन मिळवलेले तिकीट असावे लागते. यात तीन पातळ्या आहेत. पहिलीत फक्त ओळख तपासली जाते, दुसरीत मजकुरात वाटेत बदल झालेला नाही याची खात्री केली जाते आणि तिसरीत सगळा मजकूर सांकेतिक होऊन जातो. आम्ही तिसरी घेतली. संगणकांच्या केबल एकत्र आणणारे आमचे नेटवर्क स्विच गिगाबिटचे आहेत आणि मुलांच्या फायली छोट्या, त्यामुळे वेगाचा प्रश्न जाणवला नाही.

यासाठी सर्व्हरवर एनएफएस सेवेची स्वतंत्र किल्ली लागते आणि प्रत्येक संगणकाकडे स्वतःची किल्ली असावी लागते, जी जोडणीच्या वेळी आधीच मिळालेली असते. संध्याकाळी लॅपटॉपचा कालचाच प्रयोग पुन्हा केला. परवानगी नाकारली गेली.

दुपारच्या चहाला विभागातील ज्येष्ठ सरांशी यावर बोलणे झाले. त्यांनी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एनआयएस ही खाती एका जागी ठेवण्याची जुनी व्यवस्था चालवली होती, जिला सन कंपनीने आधी येलो पेजेस म्हटले होते आणि पुढे ते नाव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचे असल्याने बदलले. आज्ञांच्या आरंभीची ‘वायपी’ अक्षरे मात्र राहून गेली. त्यात जोडलेल्या संगणकावरून कोणालाही सर्वांचे सांकेतिक पासवर्ड एका आज्ञेने पाहता येत असत, असे त्यांनी सांगितले. कर्बेरॉसचा जन्म तर थेट आमच्यासारख्याच अडचणीतून झाला. १९८३ साली अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात अथीना प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्याने आवारातल्या कुठल्याही संगणकावर बसावे आणि त्याला त्याचे काम मिळावे, हा त्याचा हेतू होता. जो संगणक पूर्णपणे विद्यार्थ्याच्या हातात आहे त्याच्या शब्दावर सर्व्हरने विश्वास का ठेवावा, हा प्रश्न त्या प्रकल्पातील लोकांनी तेव्हाच विचारला. काल मला माझ्या लॅपटॉपने तोच विचारला होता.

मंगळवार, २४ जून

होम फोल्डर आपोआप जोडले जावेत यासाठी ऑटोएफएस ही सेवा लावली. विद्यार्थी आत आला की फक्त त्याचे फोल्डर जोडले जाते, आणि वापर थांबल्यावर काही वेळाने सुटते. ऑटोएफएसची यादीही फ्रीआयपीएमध्येच ठेवता येते. तारांकनाची एक ओळ पुरते, प्रत्येक मुलासाठी वेगळी ओळ लिहावी लागत नाही.

त्यात एक अडथळा आला. मी ही जोडणी ‘होम’ या मूळ फोल्डरवरच केली आणि त्या क्षणी संगणकाच्या स्थानिक प्रशासक खात्याचे स्वतःचे फोल्डर दिसेनासे झाले. ते पुसले गेले नव्हते, ऑटोएफएसच्या खाली झाकले गेले होते. पण सर्व्हर बंद पडला असता, तर संगणकात शिरण्याचा आमचा शेवटचा मार्गही अडखळला असता. स्थानिक प्रशासकाचे फोल्डर ‘व्हार’ या दुसऱ्या मूळ फोल्डरखाली हलवले. हे खाते प्रत्येक संगणकावर राहणार आहे, त्याचा पासवर्ड बंद लिफाफ्यात विभागप्रमुखांच्या कपाटात आहे, आणि नेमसर्व्हिसच्या यादीत ‘फाइल्स’चा क्रम एसएसएसडीच्या आधी असल्यामुळे सर्व्हर नसला तरी ते चालते.

शुक्रवार, २७ जून

एक संगणक पूर्ण तयार करून बाकीच्यांवर त्याची प्रत उतरवणे, ही आमची नेहमीची पद्धत. घाईत आम्ही आधी सर्व्हरला जोडलेल्याच संगणकाची प्रत पहिल्या रांगेतील पाच संगणकांवर उतरवली, आणि मग पाचही संगणक एकाच नावाचे, एकाच किल्लीचे झाले. सर्व्हरच्या दृष्टीने तो एकच संगणक पाच ठिकाणी बसलेला होता. पाचही पुसून पुन्हा केले.

आता क्रम असा आहे : न जोडलेल्या संगणकाची प्रत उतरवायची, प्रतीसोबत आलेली मशीन ओळख आणि एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या सेवेच्या, किल्ल्या नव्याने बनवायच्या, संगणकाला डोमेनसहित पूर्ण नाव द्यायचे, आणि मगच जोडणी. जोडणीसाठी प्रत्येक संगणकाचा एकदाच चालणारा पासवर्ड सर्व्हरवर आधी तयार करून ठेवतो, त्यामुळे प्रशासकाचा पासवर्ड ४४ ठिकाणी टाइप करावा लागत नाही. सहायक आणि मी दिवसाला दहा संगणक करतो आहोत.

मंगळवार, १ जुलै

नऊ संगणकांवर लॉगिन होत नव्हते. ‘आयडी’ने क्रमांक दिसत होता, पासवर्ड बरोबर होता, तरी दार उघडत नव्हते. एसएसएसडीच्या नोंदींत घड्याळातील फरकाचा उल्लेख सापडला. कर्बेरॉसच्या तिकिटांवर वेळ असते, आणि संगणक व सर्व्हर यांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक अंतर असले की ती विनंती नाकारली जाते; कोणी जुना संदेश पकडून पुन्हा वापरू नये यासाठी ही मर्यादा आहे.

झाकणे उघडली तेव्हा नऊपैकी आठ संगणकांच्या मदरबोर्डवरील सेल मेलेला निघाला. रात्री शिपाईमामा मुख्य बटण बंद करतात, त्यामुळे सकाळी संगणक कुठल्यातरी जुन्याच तारखेला जागा होतो. तरीही नेटवर्कवरून वेळ दुरुस्त व्हायला हवी होती. ती का होत नव्हती, याचा शोध घेतला. संगणकांवरील क्रोनी, म्हणजे घड्याळ जुळवणारे सॉफ्टवेअर, बाहेरच्या सर्व्हरांना वेळ विचारत होते आणि संस्थेची फायरवॉल ती विचारणा अडवत होती. फ्रीआयपीएचा सर्व्हर वेळ देईल असे मी गृहीत धरले होते, पण अलीकडच्या आवृत्त्यांत तो स्वतःहून ही सेवा देत नाही. सर्व्हरच्या क्रोनीत प्रयोगशाळेच्या पत्त्यांना परवानगी देणारी एक ओळ घातली, सगळ्या संगणकांना तोच वेळ-सर्व्हर दिला, आणि फायरवॉलमध्ये फक्त सर्व्हरपुरती वाट मोकळी करून घेतली. सीआर-२०३२ चे बारा सेल बाजारातून आणले. चार शिल्लक आहेत.

नववा संगणक मात्र निराळा होता. त्याचा सेल चांगला होता आणि पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटासह जुळत होती. बऱ्याच वेळाने लक्षात आले की त्याचा टाइमझोन भारतीय नसून जागतिक प्रमाणवेळेचा होता, आणि कोणीतरी आकडे हाताने पुढे करून ते जुळवून ठेवले होते. डोळ्यांना बरोबर दिसणारे ते घड्याळ कर्बेरॉसच्या हिशेबात साडेपाच तास पुढे होते. घड्याळ तपासताना टाइमझोनही पाहायचा, अशी नोंद तपासणी यादीत केली आहे.

सोमवार, ७ जुलै

फायरफॉक्स उघडत नव्हता. उबंटू २२.०४ मध्ये तो स्नॅप या बंदिस्त पॅकेजच्या स्वरूपात येतो, आणि स्नॅपला सुरू होताना रूटच्या अधिकाराने होम फोल्डरमध्ये डोकवावे लागते. कर्बेरॉसने राखलेल्या एनएफएस फोल्डरमध्ये तर रूटलाही तिकिटाशिवाय प्रवेश नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. स्नॅप काढून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातील डेब, म्हणजे साध्या स्वरूपाचे, पॅकेज बसवले, आणि पुढच्या अद्ययावतीकरणात उबंटूचे पॅकेज त्याची जागा घेणार नाही यासाठी प्राधान्याची फाइलही लिहिली.

सोमवार, १४ जुलै

वर्ग सुरू झाले. सकाळी दहाला तिसऱ्या वर्षाची पहिली बॅच, २० मुले. प्रत्येकाला चिठ्ठीवर खाते आणि तात्पुरता पासवर्ड दिला. प्रशासकाने दिलेला पासवर्ड फ्रीआयपीए पहिल्याच लॉगिनला बदलायला लावते, हे योग्यच आहे. पण त्या पडद्यावर आधी जुना, मग नवा, मग पुन्हा नवा पासवर्ड मागितला जातो आणि सूचना इंग्रजीत असतात, त्यामुळे सहा-सात मुले अडकली. दुपारच्या बॅचपूर्वी तिन्ही टप्पे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक रांगेत चिकटवले. दुपारी कोणीही अडकले नाही.

फळ्याच्या कोपऱ्यातला पासवर्ड शिपाईमामांनी पुसला.

गुरुवार, १७ जुलै

दोन तक्रारी आल्या आणि दोन्हींचे मूळ एकच निघाले. फ्रीआयपीएच्या मूळ धोरणानुसार सहा वेळा चुकीचा पासवर्ड दिला की खाते दहा मिनिटे बंद होते. एका विद्यार्थिनीचे खाते दर प्रॅक्टिकलला बंद होत होते. मी तिच्या मागे उभी राहून पाहिले. ती मराठी इनस्क्रिप्टमध्ये अहवाल लिहीत होती, पाणी प्यायला उठताना पडदा कुलूपबंद करत होती, आणि परत आल्यावर कीबोर्ड मराठीतच राहिलेला असे. पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे आपण देवनागरी अक्षरे टाइप करतो आहोत हे तिला कळण्याची सोयच नव्हती. कोपऱ्यातले भाषेचे चिन्ह तिला दाखवले आणि रांगेतल्या सूचनेत एक ओळ वाढवली. मराठीत लिहिणाऱ्या मुलांनाच हा त्रास व्हावा, याचे मला मनापासून वाईट वाटले; तिला आधी कोणी विचारलेच नव्हते की तू काय लिहीत होतीस.

दुसऱ्या तक्रारीत मात्र मित्राने मुद्दाम सहा वेळा चुकीचा पासवर्ड देऊन खाते बंद केले होते. सर्व्हरच्या नोंदीत संगणक क्रमांक आणि वेळ होती. बोलावून समज दिली. विद्यार्थ्यांच्या गटासाठी वेगळे धोरण केले : दहा चुका, दोन मिनिटे. मूळ धोरणात पासवर्डची मुदत ९० दिवस असते. १४ जुलैला बदललेले पासवर्ड १२ ऑक्टोबरला, म्हणजे नेमके सत्राच्या शेवटाकडे, एकदम संपले असते. ती मुदत वाढवून एक वर्ष केली.

बुधवार, ३० जुलै

दुपारी मोठ्या पावसात वीज गेली. संगणक इन्व्हर्टरवर होते, सर्व्हर यूपीएसवर होता, आणि तरीही दोन्ही प्रयोगशाळांतील ३८ पडदे एका क्षणी गोठले. वऱ्हांड्यातल्या लोखंडी पेटीतला नेटवर्कचा स्विच साध्या बोर्डला लावलेला होता, तो विजेबरोबर बंद पडला. एकवीस मिनिटांनी वीज आली, तेव्हा एनएफएसने जिथे सोडले होते तिथून काम पुढे सुरू झाले. थांबलेले लेखन पुन्हा पूर्ण झाले आणि कोणाचीही फाइल गेली नाही, कारण जोडणी ‘हार्ड’ प्रकारची ठेवली होती, ज्यात संगणक उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. ज्यांनी घाबरून बटण दाबून संगणक बंद केला, त्या दोघांचे शेवटचे काही परिच्छेद मात्र गेले.

ही या रचनेची खरी किंमत आहे आणि ती मी विभागाच्या बैठकीत स्पष्ट सांगितली. एसएसएसडी पासवर्डची सांकेतिक खूण जवळ ठेवू शकते आणि त्यामुळे सर्व्हर नसताना लॉगिन होऊ शकते. शिक्षकांच्या लॅपटॉपवर, जिथे होम फोल्डर लॅपटॉपमध्येच आहे, तिथे आम्ही ती सोय दिली आहे. प्रयोगशाळेत ती अपुरी आहे, कारण आत जाऊनही फायली सर्व्हरवरच असतात. स्विचसाठी लहान यूपीएस मंजूर झाला. ग्रंथालयातून बदललेल्या एका संगणकावर फ्रीआयपीएची दुसरी प्रत उभी केली; डीएनएसमधील सेवा-नोंदींमुळे पहिला सर्व्हर बंद असला की संगणक दुसऱ्याकडे आपोआप वळतात. पहिल्या सर्व्हरवरील फ्रीआयपीए बंद करून लॉगिन तपासले. सुरुवातीला काही क्षण उशीर, मग व्यवस्थित. फायलींचा सर्व्हर अजून एकच आहे.

सोमवार, ११ ऑगस्ट

एका मुलाला पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा लॉगिनच्या पडद्यावरच परत पाठवले जात होते. कुठलाही संदेश दिसत नव्हता. त्याचा २ जीबीचा कोटा, म्हणजे सर्व्हरवर ठरवून दिलेली जागा, भरला होता, त्यामुळे डेस्कटॉपला सुरू होताना लागणाऱ्या छोट्या फायली लिहिता येत नव्हत्या आणि सत्र लगेच मिटत होते. त्यातली १.४ जीबी जागा ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्याने घेतली होती. लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या एका छोट्या स्क्रिप्टने हा साठा संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर वळवला. सर्व्हरवरील वाहतूक त्यामुळे लक्षणीय कमी झाली. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. कोट्याची सौम्य, म्हणजे इशाऱ्याची, मर्यादा १.७ जीबीवर ठेवली आहे, आणि ती ओलांडणाऱ्यांची यादी रोज सकाळी माझ्याकडे येते.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्यापासून गणपतीची सुट्टी. त्याआधी बॅकअप नुसता घेतला जातो आहे की परतही येतो, हे तपासले. रिकाम्या संगणकावर सर्व्हरचा बॅकअप उतरवला, नेटवर्कपासून वेगळ्या ठेवलेल्या एका संगणकाला त्याच्याशी जोडले आणि चाचणी खात्याने आत शिरले. फायलींच्या बॅकअपमधून एक फोल्डर परत आणून पाहिले. मालकाचा क्रमांक ६,००,०४३, जसा होता तसा.

सकाळी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आली होती. तिने चुकून आपले मायक्रोप्रोजेक्टचे फोल्डर पुसले होते. काल रात्रीची प्रत काढून तिच्या होम फोल्डरमध्ये ठेवायला चार मिनिटे लागली. ती तेव्हा ३१ नंबरच्या संगणकावर बसली होती. काम तिने १७ नंबरवर केले होते.

शिल्लक कामे : पहिल्या वर्षाच्या ६० खात्यांची यादी प्रवेश पूर्ण झाल्यावर कार्यालयाकडून घ्यायची आहे आणि नावांचे मराठी शुद्धलेखन प्रत्येक विद्यार्थ्याकडून तपासून घ्यायचे आहे. २२ नंबरच्या संगणकाचे घड्याळ पुन्हा मागे पडू लागले आहे. सेल कपाटात आहेत.